वासाचा धडा

१

ऑगस्टातल्या, म्हणजे इकडच्या सरत्या हिवाळ्यातल्या, त्या गुरुवारी इर्मा साल्गेरो नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी वाइनरीत पोचली. तळघरातला वर्ग संध्याकाळी सातचा, ही पावणेसातलाच हजर. एकतीस वर्षं पोलिसखात्यात काढून ती निवृत्त झाली होती. नवरा जाऊन तीन वर्षं होत आली होती. रिकाम्या घरात बसून संध्याकाळ ढकलण्यापेक्षा वाइन कशी ठेवायची, कशी ओतायची, कशी समजून घ्यायची हे तरी शिकावं, म्हणून एप्रिलपासून ती एवारिस्तो फुर्लान यांच्या वर्गाला येत होती. अकरा नवशिके होते. त्यांतली सगळ्यात मठ्ठ आपणच, अशी तिची खात्री झाली होती.

फुर्लानांना सगळं लुन्लुंता गाव मास्तर म्हणायचं. चाळीस वर्षांत या वाइनरीतली एकही टाकी त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय बाटलीत उतरली नव्हती. खोलीच्या त्या टोकाला कुणी बाद बाटली उघडली, तर मास्तर इकडून मान न वळवता म्हणायचे, "ती ओतून टाका." हा किस्सा गावात प्रत्येकाला पाठ होता.

तळघराच्या पायऱ्यांवर हिल्दा बसली होती. हिल्दा केव्हेदो, प्रयोगशाळेतली. बावीस वर्षं मास्तरांच्या हाताखाली काम केलेली. अंगात पांढरा कोट, थंडीतही उघडे हात, आणि ते मांडीवर उताणे पडलेले, जणू तिचे नव्हेतच.

"हिल्दा? काय झालं ग?"

"आत जाऊ नका. गॅस आहे अजून," ती म्हणाली. "मास्तर गेले."

इर्माने रुमाल नाकाला लावला आणि ती उतरली. सिलिंडरच्या गॅसचा तो सडका वास वरच्या पायरीपासूनच येत होता. खाली दार सताड उघडं. उंबऱ्याशी पिळलेल्या ओल्या चिंध्यांची वळकटी सरकून पडलेली. लांब टेबलाच्या टोकाला मास्तर खुर्चीत बसले होते, डोकं हातावर टेकलेलं, दुपारी अभ्यास करता करता डुलकी लागावी तसं. त्यांच्यासमोर पुसून लख्ख केलेले अकरा पेले रांगेत मांडलेले. रेडिओ अजून चालू होता. मागे भिंतीशी छोटी शेगडी, तिच्यावर किटली. किटलीचं झाकण तिरकं झालं होतं आणि अंगावरून उतू गेलेल्या पाण्याचे क्षारांनी पांढरे पडलेले ओघळ खालच्या बर्नरपर्यंत गेले होते.

निरीक्षक रोल्दान अर्ध्या तासात आला. तो कधीकाळी इर्माच्या हाताखाली होता.

"बाई, आता वेगळं काय लिहू?" तो हळूच म्हणाला. "शेगडीची कळ उघडी होती, हिल्दाबाईंनी बंद केली. ज्वाला नाही. दाराला आतून चिंध्या लावलेल्या."

"किटली उतू गेली असेल. विझली असेल ज्वाला."

"आणि त्यांना वास आला नाही? ते झोपले नव्हते बाई, टेबलाशी बसले होते. तुम्हाआम्हाला अर्ध्या मिनिटात कळलं असतं. हे तर मास्तर!"

अंगणात जमलेले बाकीचे नवशिकेही तेच पुटपुटत होते. त्या नाकाला गॅस कळला नाही? म्हणजे कळला होता. कळून ते बसून राहिले होते.

जाताना इर्माने पुन्हा एकदा टेबलाकडे पाहिलं. मास्तरांच्या उजव्या हाताशी त्यांचं शाईचं पेन पडलं होतं. टोपण काढलेलं, निब वाळलेली.

कागद मात्र टेबलावर कुठेच नव्हता.

२

रविवारी, दफन आटोपल्यावर, मास्तरांचा मुलगा दार्दो इर्माच्या दारात उभा राहिला. चाळिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, पण त्या तीन दिवसांत खांदे पार उतरलेले. इर्माने त्याला बसवलं, पुढ्यात गरम सूप ठेवलं. त्याने चमच्याला हात लावला नाही.

"बाई, तुम्ही एवढी वर्षं असली प्रकरणं पाहिलीत. मला एक सांगा. नुसत्या शब्दांनी माणूस मरतो का?"

"कुणाच्या शब्दांनी?"

"माझ्या." तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "मंगळवारी मी बाटली घेऊन प्रयोगशाळेत त्यांच्याकडे गेलो होतो. माझी. वाइनरीची नाही. घरामागच्या तीन ओळींची द्राक्षं मी स्वतः तोडली, स्वतः तुडवली, माझ्याच पिंपात ठेवली. माझी पहिली वाइन. कुणाला चाखायलाही दिली नव्हती. म्हटलं, पहिला घोट बाबांचा."

"मग?"

"पेला उजेडात धरला. फिरवला. नाकाशी नेला. घोट घेतला. आणि म्हणाले, 'रंग बरा आहे.'"

"आणखी?"

"आणखी काही नाही! बाई, परक्याने आणलेलं व्हिनेगर असलं तरी ते त्याला दहा वाक्यं ऐकवायचे. शिव्या देत, पण बोलत. मला तेवढंही नाही. पेला तसाच भरलेला खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले." त्याने सूप दूर सारलं. "मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, जन्मभर तुमच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायची वाट बघितली. आता मरा तुम्ही त्या तळघरात. असंच म्हणालो. आणि दोन दिवसांनी..."

इर्माला वाटलं, आता तो रडेल. पण तो रडलाच नाही. कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला, आणि ते बघायला जास्त जड होतं.

"आधीपासून असेच होते का ते तुझ्याशी?"

"पूर्वी कडक होते, पण बोलके होते. गेल्या वर्षीच्या तोडणीत टाकीच्या शिडीवरून मागे पडले, डोकं आपटलं. तीन दिवस इस्पितळात. हाड मोडलं नाही म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून माणूस बदलला. रविवारी जेवायला यायचे तर भाजलेल्या मांसावर तिखट मिरची अशी ओतायचे की माझ्या बायकोला वाटायचं, आपला स्वयंपाक त्यांना आवडत नाही."

"मंगळवारी तू निघालास तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"हिल्दा. ती सतत असतेच." दार्दोच्या आवाजात कडवटपणा आला. "फाटकाशी पोचून मी मागे वळून पाहिलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसलं. तिने माझा पेला उचलला होता. एकदा हुंगला, दुसऱ्यांदा हुंगला, तिसऱ्यांदा. आणि बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. हसले असतील दोघं माझ्यावर."

"दार्दो, त्यांची ती काळ्या पुठ्ठ्याची वही? नवशिक्यांसाठी पुस्तक लिहीत होते ती? वर्गात रोज त्यातलाच धडा वाचायचे."

"नाही सापडली. मी सगळं घर पालथं घातलं, बाई. शेवटची चिठ्ठी तरी असेल म्हणून." तो उठला. "घरी नाही, तळघरात नाही. कुठेच नाही."

३

वाइनरीचा मालक नोर्बेर्तो तोंडाने फटकळ होता. सोमवारी सकाळी त्याने इर्माला कार्यालयात बसवून घेतलं, येर्बाच्या कडू पानांच्या चहाचं भांडं भरून तिच्या हातात दिलं आणि न विचारताच सुरुवात केली.

"हे बघा, माझ्यावर कुणी बोट दाखवायच्या आत मीच सांगतो. गेल्या महिन्यात आमचं वाजलं होतं. सहा नंबरच्या टाकीवरून. मी म्हटलं, भरायला घेऊ या. तर मास्तर म्हणाले, हिल्दा सुट्टीवरून येऊ दे. अरे, नाक तुमचं की हिल्दाचं? चार दिवस टाकी अडवून बसले!"

"असं पूर्वी कधी करायचे?"

"छे! पूर्वी सकाळी एक फेरी मारायचे, सगळा निकाल तोंडपाठ. पण गेलं वर्षभर हिल्दाशिवाय एक थेंब चाखत नव्हते. ती आधी बोलायची, मग हे मान हलवायचे. लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे. म्हाताऱ्याला या वयात..." त्याने हात उडवला. "मी तसलं काही म्हणत नाही. विधुर माणूस, ती बिनलग्नाची, कुणाचं काय जातंय? पण काहीतरी होतं खरं. मी खोलीत शिरलो की दोघं बोलायचे थांबायचे."

इर्माने भांडं परत केलं. "गुरुवारी दुपारी तुम्ही इथेच होतात?"

"होतो की. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. रेडिओ दोन वाजल्यापासून बोंबलत होता, झोंडा उतरणार, झोंडा उतरणार म्हणून."

"झोंडा? त्या दिवशी?"

"अहो, डोंगरावरून गरम वारा खाली येणार, असं सांगत होते. मी बायकोला फोन केला, तिने दारांना ओल्या चिंध्या लावल्या, नाहीतर धूळ थेट गादीत शिरते. आणि आला कुठे? वरच्या वर निघून गेला मेला. संध्याकाळी पान हललं नाही."

इर्मा जागच्या जागी ताठ झाली. त्या गुरुवारी दुपारी ती शहरात दाताच्या दवाखान्यात होती. सहाला बसमधून उतरली तेव्हा हवा निपचित पडलेली होती. रोल्दानही शहरातूनच आला होता. गावाने रेडिओ ऐकून चिंध्या लावल्या आणि वारा आलाच नाही, हे दोघांनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मास्तरांचा रेडिओ तर ती खाली उतरली तेव्हाही चालू होता.

"नोर्बेर्तो, गावात त्या दिवशी किती घरांनी चिंध्या लावल्या असतील?"

"सगळ्यांनी," तो म्हणाला. मग त्याच्याही लक्षात आलं. हातातली किटली त्याने हळूच खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही म्हणता, ते मरायला म्हणून..."

"चिंध्या वाऱ्यासाठी. किटली येर्बासाठी. पेले वर्गासाठी. पेन लिहिण्यासाठी." इर्मा एकेक बोट मिटत गेली. शेवटचं बोट मात्र उघडंच राहिलं. "सगळं जमतं. एक सोडून."

"नाक," नोर्बेर्तो म्हणाला.

"हो. नाक."

४

मंगळवारी सकाळी इर्माने स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःची वही उघडली. चार महिन्यांची टिपणं. पोलिसातल्या सवयीने तिने मास्तरांचा शब्द न् शब्द टिपला होता. तारीख घालून.

*बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, हवा आत शिरते आणि वाइन म्हातारी होण्याऐवजी मरते.* ते वाक्य बोलताना मास्तरांनी बाटलीवर कसा हात ठेवला होता तेही तिला आठवलं.

*अंधार, गारवा, आणि शांतता. फ्रिजच्या डोक्यावर बाटली ठेवणाऱ्याने पाणी प्यावं.* त्या दिवशी सगळे हसले होते, कारण पोस्टमन ओर्तेगा लाजला होता.

*लाल वाइन खोलीच्या उबेला द्यावी म्हणतात, पण ती खोली आजोबांच्या काळची, शेकोटी नसलेली. थोडी गार करा.* तिथे त्यांनी थर्मामीटर बुडवून दाखवला होता. *पेला एक तृतीयांशच भरावा. वरची रिकामी जागा वासाची.*

ती पुन्हा पुन्हा वाचत गेली. आणि हळूहळू तिला एक गोष्ट जाणवायला लागली. तापमान मास्तर सांगत. रंग सांगत, पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून. आंबटपणा, तुरटपणा, जिभेला बसणारी पकड, सगळं सांगत. पण वासाची वेळ आली की प्रत्येक गुरुवारी एकच: *मास्तर म्हणाले, आधी तुम्ही सांगा.* ओर्तेगा सांगायचा, दंतवैद्याची बायको सांगायची, हिल्दा सांगायची. मास्तर मान हलवायचे. "छान. अगदी बरोबर." चार महिन्यांत वासाबद्दल मास्तरांनी स्वतः उच्चारलेलं एकही वाक्य तिच्या वहीत नव्हतं.

मग जूनच्या दुसऱ्या गुरुवारचं पान आलं. त्यावर तिच्याच अक्षरात एक ओळ होती आणि ती तिनेच जोरात खोडली होती. खोडलेलं वाचायला तिला उजेडात धरावं लागलं.

*ओला पुठ्ठा. बंद खोलीतलं जुनं पोतं.*

तो दिवस तिला लख्ख आठवला. मास्तरांनी स्वतः बाटली उघडली होती, स्वतः ओतली होती. इर्माने हुंगलं आणि तिला ओला पुठ्ठा आठवला. मास्तर पेला नाकाशी धरून डोळे मिटून म्हणाले, "आहाहा. हिला वेळ द्या, ही फुलेल." म्हणून इर्मा शरमली आणि तिने ओळ खोडली. पण हिल्दा? हिल्दा झटकन उठली होती. "मास्तर, ही बाटली मला प्रयोगशाळेत हवी आहे," म्हणत तिने सगळ्यांचे पेले गोळा केले आणि दुसरी बाटली आणली होती.

इर्माने नोर्बेर्तोला फोन लावला.

"एक अडाणी प्रश्न विचारते. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास कधी येतो?"

"बूच खराब असलं की. बाटली बाद. पहिल्या महिन्यात शिकतात हे. का हो?"

"आणि मास्तरांसारख्या माणसाला ते न कळणं..."

"अशक्य! ते तर भिंतीपलीकडून ओळखायचे," नोर्बेर्तो म्हणाला.

इर्माने फोन ठेवला. शिडीवरून मागे पडणं. डोक्याचा मार. चव येत नाही म्हणून ओतलेली मिरची. हिल्दा आल्याशिवाय न उघडलेली टाकी. तिच्या तोंडाकडे लागलेली नजर. ती ओळ आपण खोडली नसती तर? हात वर करून नुसतं विचारलं असतं, मास्तर, मला पुठ्ठ्याचा वास येतोय, तर? एकतीस वर्षं जिने साक्षीदारांना सांगितलं, दिसलं तेच बोला, कुणाला भिऊ नका, तीच एका पेल्यापुढे भ्याली होती.

तिने कोट चढवला. आता फक्त वही सापडायची होती, आणि ती कुणाकडे आहे हे तिला कळलं होतं.

५

हिल्दा प्रयोगशाळेत एकटीच होती. काचेच्या नळ्या धूत होती. इर्मा आत आली तरी तिने नळ बंद केला नाही.

"त्यांना वास येत नव्हता," इर्मा म्हणाली. "पडले तेव्हापासून."

नळ वाहत राहिला. मग हिल्दाने तो बंद केला आणि ओल्या हातांनीच स्टुलावर बसली.

"सतरा महिने," ती म्हणाली. "इस्पितळातून आले, सकाळी टाकी उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'हिल्दा, या टाकीत पाणी आहे का?' मला वाटलं, चेष्टा करताहेत. डॉक्टर म्हणाला, परत आला तर सहा महिन्यांत येईल, नाहीतर येणार नाही. आम्ही सहा महिने वाट बघितली. नंतर वाट बघायचंही बंद केलं."

"आणि तू त्यांचं नाक झालीस."

"मी काय, मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचंच त्यांना परत देत होते." तिने डोळे पुसले. "माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणाला सांगायचं नाही. दार्दोला तर मुळीच नाही. 'त्याच्या लेखी मी बाप आहे तो माझ्या नाकामुळे,' म्हणायचे. वेडा माणूस."

"वही दे, हिल्दा."

हिल्दाने ओले हात कोटाला पुसले.

"गुरुवारी तू आत शिरलीस, गॅस बंद केलास, आणि त्यांच्या हाताखालची वही काढून घेतलीस. का?"

"कारण त्यात लिहिलं होतं!" ती ओरडलीच. "मरताना लिहिलेलं! पहिल्याच ओळींत सगळं कबूल केलं होतं. ते पोलिसांनी वाचलं असतं, मालकाने वाचलं असतं, उद्या बाजारात पोरंटोरं नाक दाबून हसली असती. वास गेला म्हणून जीव दिला, असं म्हटलं असतं. मला ते चालणार नव्हतं. आत्महत्या म्हणाले तर म्हणोत. कारण तरी त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे."

"म्हणजे तुलाही वाटतं, त्यांनी जीव दिला?"

हिल्दाने तिच्याकडे पाहिलं. तेवढ्या एका नजरेत इर्माला कळलं की ही बाई पाच दिवस एकटी काय उचलून फिरते आहे.

"किती वाचलंस त्यातलं?"

"अर्धं पान. पुढे नाही वाचवलं. मग धीरच झाला नाही."

हिल्दा उठली. वजनकाट्याच्या खालच्या कपाटातून तिने काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. इर्माने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि ती मोठ्याने वाचू लागली.

"'धडा नववा. वास. बाटली कशी ठेवावी, कशी उघडावी, कशी ओतावी हे मी सांगितलं. ती हाताची आणि डोळ्यांची कामं. वासाचा धडा मी पुढे ढकलत आलो, कारण मला सतरा महिने वास येत नाही. मी तुम्हाला फसवलं...'"

"बस," हिल्दा म्हणाली. "इथेच मी वही मिटली."

इर्माने पान उलटलं. मागे आणखी लिहिलेलं होतं, त्याच शांत, गोल अक्षरात.

"'हे आज सात वाजता मी स्वतः वर्गात वाचून दाखवणार आहे. नवशिक्यांना एवढं कळलं पाहिजे की ज्याला वास येतो त्याने तो बोलून दाखवावा. समोर कुणीही बसलेला असो. हिल्दाला मी बोललेलो नाही. ती मला अडवेल. सतरा महिने ती माझ्यासाठी खोटं बोलली, आता तिला मोकळं करायला हवं.'"

हिल्दाने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती पुढे वाकत गेली. इर्माने वही ठेवून तिला धरलं. मरायला बसलेला माणूस सात वाजताच्या वर्गाचं लिहीत नाही, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. किटलीला पाठ करून बसलेला एक म्हातारा, रेडिओच्या आवाजात, आपलं सर्वांत अवघड पान लिहिण्यात बुडालेला. ज्वाला कधी विझली ते त्याला कळलं नाही. जे जगातल्या कुणालाही कळलं असतं, ते एकट्या त्यालाच कळायचं नव्हतं. मग डोकं जड झालं असेल, आणि त्याला वाटलं असेल, वयाची सुस्ती आहे.

"मी त्यांना येर्बाचं पाणी आणून द्यायचे रोज," हिल्दा हुंदक्यांत म्हणाली. "गुरुवारी म्हणाले, तू जा, मीच ठेवतो. मला काही लिहायचंय."

"जबाब द्यावा लागेल, हिल्दा. रोल्दानपुढे. सगळं. नाकाचंही."

"देईन. तेच सांगणार होते तर मी कोण झाकणारी?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण आधी दार्दो."

दार्दो घरामागच्या बागेत होता. छाटणीची कात्री हातात होती, पण वेल सगळे तसेच, न छाटलेले. दोघी बायका येताना दिसल्या तसा तो हिल्दाकडे पाठ करून उभा राहिला. इर्माने वही त्याच्यापुढे धरली आणि शेवटच्या ओळी दाखवल्या. त्याने उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. मास्तरांनी पानाच्या तळाशी लिहिलं होतं:

*वर्गाच्या आधी दार्दोला गाठायचं. मंगळवारी त्याने स्वतःची वाइन आणली. मी नाकाशी नेली, आणि तिथे काहीच नव्हतं. तो गेल्यावर हिल्दाने ती माझ्यासाठी तीनदा हुंगली. ती म्हणते, वाळवलेले आलुबुखार, आणि मागून जांभळी फुलं. मुलाच्या पहिल्या वाइनबद्दल दुसऱ्याचे शब्द उसने घेऊन बोलणं मला जमलं नसतं. रंग मला दिसत होता, म्हणून रंगाचं बोललो. त्याला सांगायला हवं की जिभेवर तिची पकड*

तिथे ओळ थांबली होती. शाईची एक रेघ खाली घसरत गेली होती.

दार्दोने पान दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच त्याने हिल्दाकडे पाहिलं.

"पकड काय? काय म्हणाले ते?"

"चांगली आहे म्हणाले," हिल्दा म्हणाली. "म्हणाले, माझ्या पहिलीपेक्षा चांगली. उरलेला पेला त्यांनी संपवला, दार्दो. सावकाश, अर्धा तास बसून."

शेताच्या कडेच्या कालव्यावरून पाणीवाल्याने हाक मारली. हिवाळ्यानंतरची पाण्याची पहिली पाळी आज फुर्लानांची होती. दोनदा हाक मारून झाली होती, आता तो विचारत होता, घेतोस की पुढच्याला सोडू?

"घेतो!" दार्दो ओरडला. वही त्याने हिल्दाच्या हातात दिली, फावडं उचललं आणि तो बांधाकडे गेला. मातीचा अडसर दोन घावांत फोडला. गढूळ, बर्फाच्या थंडीचं पाणी पहिल्या सरीत शिरलं, मग दुसऱ्या. तिसऱ्या सरीशी तो फावड्यावर वाकला आणि तसाच राहिला. त्याचे खांदे हलू लागले.

इर्मा पुढे निघाली, तर हिल्दाने तिचा दंड धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "रडू द्या त्याला."

पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं, बुटांवरून गेलं, आणि वेलांच्या बुंध्यांशी थांबत, जिरत, पुढे सरकत राहिलं.